पौलाच्या वाटेनं नर्सबाई

नर्सबाई कुणाच्या घरी बसत नसत. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्माला आलेली. कुणाचा ताप, कुणाचं भाजणं, कुणाच्या म्हाताऱ्याची शेवटची घरघर, सगळ्याला त्या हजर. पण काम झालं की हात धुवायच्या आणि उभ्यानंच निघायच्या. खुर्ची पुढं केली तर म्हणायच्या, "बसले की उठवत न्हाई बगा."

मी लग्न होऊन बीडला आले तेव्हा त्या सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पुढं आमचं कापडाचं दुकान, मागं घर, आणि घराच्या भिंतीला लागून नर्सबाईंच्या दोन खोल्या. पांढरं पातळ, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, मागंपुढं कुणी नाही. आम्ही लिंगायत, त्या ख्रिस्ती. सासूबाईंचा त्यांच्यावर जीव होता, पण तो दुकानाच्या पायरीपर्यंत. त्या आत येऊन बसत नाहीत हे सासूबाईंना सोयीचंच वाटत असावं. आणि ते नर्सबाईंना पहिल्यापासून ठाऊक असावं.

त्या वर्षांत कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या होत्या आणि परदेशाच्या गोष्टी बीडची माणसंही बोलू लागली होती. नर्सबाईंनी तर पासपोर्टच काढला. प्रेषित पौल ज्या ज्या गावी फिरला ती गावं बघायला नगरची काही ख्रिस्ती मंडळी दसऱ्यानंतर निघणार होती, त्यांत त्यांचं नाव होतं. पौलावर त्यांचं भारी प्रेम. "आदी लई वंगाळ माणूस," त्या कौतुकानं सांगायच्या. "भल्या माणसांना धरून न्यायचा. मग देवानं त्यालाच वाटंत धरला."

पावसाळ्यात न्हाणीत नर्सबाईंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. मंडळी त्यांच्याशिवाय गेली. मी समजूत घालायला गेले, "पुढच्या वर्षी जाल की."

"कावून? पुढच्या वर्साला कशाला? मी आजच निघाले."

मला वाटलं, औषधांनी डोकं फिरलं. पण त्यांचा बेत पक्का होता. "पौल काय लॉजवर उतरायचा का? माणसाच्या घरी उतरायचा. घरं तर हितं बी हायेत." सकाळी बायबल वाचायचं, मंडळी आज कुठं असेल ते नकाशात बघायचं आणि दुपारी चारला गल्लीतलं एक घर गाठायचं. ते घर म्हणजे ते गाव. तिथं पौलाचं काय झालं ते सांगायचं, घरच्यांचं काय चाललंय ते ऐकायचं, डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना करायची आणि परत फिरायचं. तोल जाऊ नये म्हणून सोबतीला मी.

पहिलं गाव दिमिष्क, आजचं दमास्कस. ते म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले किराणावाले अण्णा. दिमिष्कात पौलाला तीन दिवस दिसत नव्हतं, मग हनन्या नावाच्या माणसानं हात ठेवल्यावर दिसू लागलं, हे ऐकून अण्णांनी डोळ्यावरचा काळा चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, माझ्या बी डोळ्यावर ठिवा हात."

मग एक दिवस आमचं दुकान आलं. ते फिलिप्पै. नर्सबाई नेहमीसारख्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. "हितं लुदिया नावाची बाई होती. जांभळं कापड विकायची."

सासूबाई साडीची घडी घालत होत्या. "मग? दिलं का तिनं पौलाला कापड?"

"न्हाई. म्हणली, माझ्या घरी येऊन ऱ्हावा. आग्रहच धरला. जावंच लागलं त्याला."

सासूबाईंनी हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. मग एकदम चिडल्यासारख्या म्हणाल्या, "खुबा मोडलेला आणि उभ्या काय ऱ्हाता? आत या. बसा."

नर्सबाई आत आल्या आणि माजघरातल्या पलंगावर बसल्या. सासूबाईंनी स्वतः चहा केला, आमच्याच कपांतून दिला. नर्सबाई फार हळूहळू प्यायल्या. परत त्यांच्या दाराशी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "फिलिप्पै लई चांगलं गाव हाय."

करिंथ रहीमचाचांच्या दुकानात होतं. ऊसतोडीला निघालेल्या लोकांच्या झोपड्यांसाठी चाचा ताडपत्र्या शिवून द्यायचे, आणि ते दिवस नेमके त्याच गर्दीचे. करिंथात पौल तंबू शिवून पोट भरायचा, हे कळल्यावर चाचांनी मशीन थांबवली. "क्या बात है! म्हंजे आमच्याच बिरादरीतला आदमी!" आणि त्या दिवशी आम्हाला शेजारच्या गाड्यावरची सीताफळं खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

परतताना मी सहज विचारलं, "पौल एकटाच फिरायचा का हो?"

"न्हाई. पयल्यांदा बर्णबा होता संगं."

"मग तो कुठं गेला?"

नर्सबाईंनी वॉकर पुढं टाकला आणि चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले तरी बाहेर आल्या नाहीत. मी गेले तर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या.

"एक गाव मी गाळलं," त्या तशाच म्हणाल्या. "अंत्युखिया. तितं भांडण झालं दोगांचं. मार्क म्हणून पोरगा होता, तो मागं एकदा अर्ध्या वाटंतून पळून गेलता. बर्णबा म्हणला, पुन्हा संगं घेऊ. पौल म्हणला, न्हाई. तितं वाटा फुटल्या."

मग त्या उठून बसल्या आणि स्वतःचं सांगू लागल्या. आष्टीकडच्या खेड्यांत त्या आणि सुशीलाबाई नावाच्या नर्स कित्येक वर्षं जोडीनं फिरल्या होत्या. एका गॅस्ट्रोच्या साथीत हाताखालची शिकाऊ पोरगी, मंदा, घाबरून घरी पळाली. पुढं ती परत आली. सुशीलाबाई म्हणाल्या, लहान आहे, घेऊ. नर्सबाईंनी तिला दारातून हाकललं. त्यावरून दोघी तुटल्या त्या तुटल्याच. सुशीलाबाई निवृत्त होऊन बीडजवळच्या पालीला राहत होत्या, पाऊण तासाच्या आत पोचता येईल इतक्या जवळ.

"मग उद्या नकाशातल्या रोमला जायचं का पालीला?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ पातळाचा काठ चोळला. "रिक्षा सांग," म्हणाल्या.

पालीच्या त्या घराचं दार तिशीतल्या एका बाईनं उघडलं. हात ओले होते. ती बघतच राहिली. "बाई, मी मंदा."

नर्सबाईंचा वॉकर उंबऱ्याबाहेरच थांबला. "तू हितं?"

"सुशीलाबाईंना लकवा झाला तवापासनं. दिवसा दवाखान्यात डूटी करते, बाकी वेळ हितंच."

आत खाटेवर सुशीलाबाई होत्या. चेहरा एका बाजूनं ओघळलेला. नर्सबाईंना बघून त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. मंदा हसली. "म्हणत्यात, वाट चुकलीस का?"

"वाट न्हाई चुकले," नर्सबाई मंदाकडं बघत म्हणाल्या. "मी चुकले."

मग नर्सबाईंनी वॉकर भिंतीला टेकवला, खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "पाठ बगू हिची." मंदानं एका बाजूनं धरलं, नर्सबाईंनी दुसऱ्या. दोघींनी मिळून सुशीलाबाईंना अलगद कुशीवर वळवलं, कुणी कुणाला न सांगता. इतके महिने अंथरुणावर पडलेल्या त्या पाठीवर पडून पडून होणारी एकही जखम नव्हती. नर्सबाईंनी तळहात फिरवून बघितलं, पुन्हा बघितलं. आणि मंदाच्या डोक्यावर तोच हात ठेवून रडू लागल्या.

येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "म्हातारपणी पौलानं लिवलं, मार्काला घेऊन या, तो माझ्या कामाचा हाय. हे मला तोंडपाठ हाय गं. कवापासनं पाठ हाय."

नगरची मंडळी फोटो घेऊन परतली. नर्सबाईंनी ते निवांत बघितले, दगडी खांब कुठल्या गावचे ते विचारलं आणि परत दिले. दिवाळीनंतर त्यांनी आमच्या भिंतीलगतच्या खोल्या सोडल्या आणि पालीला राहायला गेल्या. आम्ही अधूनमधून जायचो. सासूबाई तर माझ्याहून जास्त. तिथल्या दोघी म्हाताऱ्या भाजीतल्या मिठावरून भांडत असायच्या, एकीचे शब्द नीट उमटायचे नाहीत तरीही. मंदा दोघींना दटावायची. सुशीलाबाई आधी गेल्या.

पुढं मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही औरंगाबादला आलो. जाणं कमी झालं. मग एका दुपारी मंदाचा फोन आला. "आमची बाई गेली," ती म्हणाली, आणि तिला पुढं बोलवेना. मी विचारलं, माझा नंबर नर्सबाईंनी दिला होता का.

"न्हाई," मंदा म्हणाली. "मीच हुडकला. घरच्यांना तर कळवावंच लागतं ना."