वरून ओतलेलं पाणी

आमच्या गावानं एक खुनी घरात पोसला आणि परक्यांच्या पालांत शोधला. हे मी गावी गेल्यावर बोलले की लोक आजही तोंड फिरवतात. फिरवोत बापडे.

रेणापूरकडचं आमचं गाव. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मोठे लोक येऊन भाषणं करून गेले, पण जिल्ह्याबरोबर पाणी काही आलं नाही. त्या उन्हाळ्यात एकामागून एक विहिरींनी तळ दाखवला. उरली ती शिवेवरची एक. तिच्या वाटेवर तीन बायका मेल्या. गळा आवळलेला आणि पायातले चांदीचे तोडे गायब. पहिल्या खुनाला लोक चोर म्हणाले, दुसऱ्याला भूत. तिसरी गेली तेव्हा औरंगाबादेहून साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले आणि शाळेच्या खोलीत मुक्कामाला राहिले. शाळा बंद झाली. मी नववीत होते. खुन्याचा जेवढा राग आला, तेवढाच त्या बंद दाराचा आला.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. पण गावाच्या विहिरीवर आमची घागर खाली ती खालीच. आपण काठाखाली उभं राहायचं, कुणीतरी शेंदून वरून ओतायचं. पोहरा आमच्या घागरीला लागता कामा नये. कायद्यानं हे केव्हाच बंद केलं होतं, पण कायदा जिल्ह्याच्या गावाला राहायचा, आमच्याकडे मुक्कामाला येत नसे.

त्याच विहिरीवर तो मला भेटला. भर दुपारची वेळ, माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती आणि मी एकटी. तोंडाला रुमाल गुंडाळलेला एक माणूस काठावर उभा होता. ‘इक्कड रा, इक्कड रा,’ इकडे ये अशा अर्थाचं तेलुगूमिश्रित काहीतरी बोलत त्यानं पाणी शेंदलं, माझ्या घागरीत ओतलं आणि दुसरा पोहरा सोडायचा सोडून काठाची एक एक पायरी खाली येऊ लागला. तेवढ्यात मेंढरं घेऊन धनगर आला. रुमालवाला पिकं नसलेल्या रानातून चालता झाला. मी घागर उचलली आणि घर येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

पोलिसांना मी घडलं ते सांगितलं. ‘तेलुगू’ हा शब्द कानावर पडताच गावाचा जीव भांड्यात पडला. सडकेच्या कामावर तेलंगणातून आलेली काही कुटुंबं पालं ठोकून राहिली होती. त्यांतला एक खडी फोडणारा उचलला आणि चावडीत बसवला. हातात बेडी, अंगावर वळ. वळ गावकऱ्यांनी आधीच उठवले होते. आता त्याला लातूरला नेणार आणि खुनाचा खटला भरणार, असं जो तो सांगत होता. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन दिवसभर चावडीच्या पायरीशी बसायची आणि सांजेला पालावर जायची.

एकदा मायची भाकर देऊन मी त्या पालांवरून परतत होते. घशाला कोरड पडली होती. त्याची बायको त्या दिवशी पालावरच होती. त्या बाईनं मला ओळखलं असेल की नाही, कोण जाणे. मी पाण्याची खूण केली. ती लोटा भरून बाहेर आली. मी सवयीनं खाली वाकून ओंजळ धरली. तिला काही उमगेना. तिनं माझे हात बाजूला केले आणि लोटाच हातात दिला.

मी तो तोंडाला लावला आणि एका घोटातच खाली घेतला. ही परकी. हिला मी कोण हे ठाऊक नाही, म्हणून हिनं लोटा दिला. आणि त्या रुमालवाल्यानं? त्यानं पोहरा हातभर वर धरून ओतलं होतं. मला त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं, कारण जन्मापासून तसंच पाणी घेत आले होते.

रात्री मायला सांगितलं. ती म्हणाली, "लगीन व्हायचंय तुजं. चावडीत जाऊन तोंड उघडलंस तर कोण करील तुला? गप ऱ्हा." तिचं चुकत नव्हतं. पण त्या लेकराच्या बापाला फास बसला तर माझ्या जबानीवर बसणार होता. सकाळी उठले आणि चावडी गाठली.

पोलिसांतला वयानं मोठा होता त्याला मी सगळं सांगितलं. सरपंच शेजारीच होते. ते हसले.

"पोरीचं काय ऐकता सायेब? आमच्या गावात असलं काय बी न्हाई. समदे एका हिरीचं पाणी पितेत."

"मंग मला पाणी द्या," मी म्हटलं. "तहान लागली हाय."

सरपंचांनी खुशीत आपल्या गड्याला खुणावलं. त्यानं माठातून तांब्या भरला, माझ्यापुढं आला आणि हात वर उचलला. मी ओंजळ धरली. त्यानं हातभर उंचीवरून धार सोडली. गड्याला काही वाटलं नाही, सरपंचांनाही नाही. बघत होता तो एकटा पोलीस.

मी ओंजळ उघडली. पाणी चावडीच्या सारवलेल्या भुईवर पडलं. दुष्काळात तेवढ्या पाण्यासाठी बायका मैलभर चालत होत्या. कुणीतरी हळहळलं.

"त्यानं बी असंच वतलं, सायेब," मी म्हटलं. "परक्याला काय ठाव मी कोण ते?"

पोलिसानं माझं कौतुक केलं नाही की पाणी दिलं नाही.  त्यानं बेडी काढायला सांगितली आणि पालांकडची झडती गावातल्या घरांकडं वळवली. तोडे सापडले ते कडब्याच्या गंजीखाली, खुनांनंतर गावानं सुरू केलेल्या गस्तीच्या पुढं रोज सांजेला कंदील घेऊन चालणाऱ्याच्या घरी. बैलांच्या बाजारासाठी त्याचं देगलूरपलीकडं जाणं-येणं असायचं. तेलुगूचे चार शब्द त्यानं तिथंच उचलले होते. तोंड झाकायला त्याला सुचलं, बोली बदलायला सुचलं. हात तेवढा बदलता आला नाही. हातानं लहानपणीच शिकून घेतलं होतं.

तो जन्मठेपेला गेला. तेलंगणातली माणसं त्याच आठवड्यात पालं उचलून गेली. आम्हांला मात्र पाणी वरूनच मिळत राहिलं. पुढं किती वर्षं ते मी सांगत नाही, ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. माझं लग्न झालं, नोकरी झाली, नांदेडला घर झालं. ओंजळ करून मी परत कधी पाणी प्याले नाही.

गावी गेले की खुन्याचं नाव कुणी काढत नाही. त्या तीन बायकांचंही नाही. पण पारावरचे म्हातारे मला बघून एकमेकांना अजून सांगतात, दुष्काळात चावडीत पाणी सांडलं ते हिनंच.

मी थांबते आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "हाव. मीच ती."