दहा जणांचा संघ

भिला गेल्याचं पारोळ्याहून कापूस घेऊन आलेल्या गाडीवानाने सांगितलं, तेव्हा मी वजनकाट्यापाशी एका दलालाशी भांडत होतो. ते तसंच टाकून आत जाऊन बसलो. भिलाशी माझं भांडण त्याहून जुनं होतं आणि मिटायचं राहिलं होतं...

धुळ्याला माझी सरकी काढायची जिन आहे. कापसाचा हंगाम संपला की तिचं आवार पावसाळाभर रिकामं पडतं. तिथे मी फुटबॉलचा संघ उभा केला, पगारी खेळाडूंचा. लोक हसले. पण मी हमालीतून वर आलेलो; माणसं कशी बांधायची हे मला कोणी शिकवायला नको होतं. शेतकरी वर्षाच्या बोलीवर सालदार ठेवतो तसे मी खेळाडू आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया, ठेवले. आखाजीच्या सकाळी एकेकाचं नाव पुकारायचं, हातावर विडा ठेवायचा. विडा घेतला की वर्षभर तो माझा, आणि मीही वर्षभर त्याला काढायचं नाही. भिला कप्तान, मधोमध खेळायचा. मैदानात त्याची मान सदा डावीकडे वळलेली, कारण तिथून सातपुड्यातला दुरसिंग धावायचा. त्या दोघांनी जळगावचा संघ हरवला, त्या दिवशी लोक जिनच्या भिंतीवर चढून बसले होते.

पुढच्या पावसाळ्यात दुरसिंग तापाने गेला. मी भुसावळहून दुसरा गडी ठरवून आणला. भिला म्हणाला, "त्यानं साल आझून सरेल नही, नाना." मी मानलं, आखाजीपर्यंत जागा दुरसिंगचीच; शब्द तो शब्द. उरलेले सामने दहा जण खेळले. मग आखाजी आली आणि नावं पुकारताना सवयीने माझ्या तोंडून दुरसिंगचं नाव गेलं. त्याच्यासाठी उचललेला विडा मी ओट्यावर ठेवला आणि पुढचं नाव घेतलं. सगळं आटोपल्यावर पाहतो तर ओटा रिकामा. मी प्रत्येकाचे हात उघडून पाहिले, शिव्या घातल्या. ज्याच्या त्याच्याकडे आपापलाच विडा होता.

"तुम्ही दिन्हा, त्यानी लिन्हा," भिला म्हणाला. "आते ती जागा दुसराले कशी देवानी?"

"आणि गोल कोण करणार? तुझा बाप?"

"बाप मन्हा उजवीकडे खेळे."



भुसावळचा गडी परत गेला. भिला त्या मोकळ्या जागेत चेंडू देत राहिला. बहुतेक वेळा तो बाहेर जायचा. पण कधीकधी रेषेच्या अलीकडे थांबायचा, जरासा वळायचा. मी म्हणायचो, तिथे खड्डा असेल. रूळ फिरवून जमीन सपाट केली, तरी थांबायचा. लोक आधी तेवढंच बघायला आले, मग यायचे बंद झाले. बाहेरगावचे संघ येईनात. एका भर पावसाळ्यात, कोणाचंच साल सरलेलं नसताना, मी संघ मोडला. भिलाला म्हणालो, माझा संघ तू खाल्लास. आजही तेच म्हणतो.

या हिवाळ्यात तो आजारी असल्याचं कळलं म्हणून पारोळ्याला गेलो. खाटेवर त्याची मान डावीकडेच होती.

"नाना, तो आझून तठेच उभा शे. तुम्ही बांधेल शे, तुम्हीच त्याले मोकळं करा. मन्हामांगे त्याले पास कोन देई?"

"आधी कबूल कर, संघ तू बुडवलास."

तो डोळे मिटून हसला. "घासाघीस काही सोडतस नहीत तुम्ही..."

त्याने कबूल केलं नाही. मीही शब्द दिला नाही.

परवा आखाजी झाली. घरोघरी गेलेल्यांच्या नावाने घागरी भरल्या होत्या. भर दुपारी मी आवारात एकटाच गेलो, डाव्या कडेला उभा राहिलो आणि दुरसिंगला हाक मारली. साल सरलं, जा... एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मैदानाच्या मधून धप्प असा आवाज आला, आणि मातीवरून काहीतरी घरंगळत येऊन माझ्या पुढ्यात थांबलं. दिसलं काहीच नाही. वारा नव्हता. रेषेच्या आत फक्त थोडी धूळ उठली, आणि ती धूळ गोलपोस्टकडे पळत गेली.

मी तोंड मिटलं आणि वाटेतून बाजूला झालो. मला न विचारता, विडा न घेता, भिला कामावर हजर झाला होता. आता त्याचीही जागा मला कोणाला देता येणार नाही.