नानांची चाळणी आणि बाहेरचं मशीन

कारखान्यातले किस्से भंगारासारखे. टाकवत नाहीत, म्हणून कोपऱ्यात साठत जातात. जळगावच्या आमच्या वर्कशॉपात डाळमिलच्या, मोटरवर हलणाऱ्या चाळण्या बनायच्या. मालक नाना मूळचे नरडाण्याकडचे, बोलणं अहिराणी, स्वतःच मिस्त्री. मी लेथवर, भास्कर वेल्डिंगला.

*

ऐंशीच्या दशकात बाहेरचं बेअरिंग हवं तर परवाना, अर्ज, चकरा! नाना भंगारातून जुनं बेअरिंग आणायचे आणि त्याच्या मापाची चाळणी बनवायचे.

"नाना, तुमच्या दोन चाळण्या सारख्या का नसतात हो?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"दोन भाऊ तरी सारखा ऱ्हातस का?"

*

पुढे आयात मोकळी झाली. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने, एका मिलवाल्या शेठने, परदेशी चाळणी बसवली. आवाज नाही, हादरा नाही! नाना पाहून आले आणि चहा न घेता बसून राहिले.

मग दिवाळी ते होळी एक ऑर्डर नाही. कारखाना बंद पडणार याची आम्हाला खरंच भीती वाटत होती.

*

पुढच्या दसऱ्याला शेठने त्या मशीनची पूजा केली आणि नारळ मशीनवरच फोडला! पाणी पॅनेलमध्ये. मशीन ठप्प. मुंबईचा एजंट येईना, म्हणून नानांना बोलावणं आलं.

बिघाड तासाभराचा होता. नानांनी दोन दिवस लावले. मशीन पूर्ण उघडून आतलं एकेक माप पुठ्ठ्यावर उतरवून घेतलं!

*

पण नुसती नक्कल केली नाही. आपल्या तुरीत माती फार, परदेशी जाळी सारखी तुंबायची. नानांनी हलण्याची पद्धत त्यांची घेतली, जाळी आपली ठेवली. बेअरिंग आता दुकानात मिळत होतं. शेठनेच पहिली चाळणी नेली.

*

त्या पहिल्या चाळणीच्या पायाला माझ्या हातून चुकीच्या जागी भोक पडलं होतं. भास्करने वर गोल ठिगळ वेल्ड करून रंग मारला होता.

वर्षभराने नाना आणि मी धुळ्याच्या एका मिलमध्ये दुरुस्तीला गेलो. चाळणी हुबेहूब आमची, पाटी तिथल्याच एका वर्कशॉपची. पायाला गोल ठिगळसुद्धा! मी मागून बॅटरी मारली. ठिगळाखाली भोकच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "नाना, चला त्या वर्कशॉपवाल्याच्या दारात!"

"चाल," नाना म्हणाले. वाटेत त्यांनी पावशेर पेढे घेतले.

आम्हाला पाहून तो वर्कशॉपवाला पांढराफटक पडला. नानांनी पुडा त्याच्या हातात ठेवला.

"तोंड गोड करा भाऊ. आन ते ठिगळ आते लावू नका. ती आमनी चूक शे!"