टिपणीस रोलर कोस्टरमध्ये बसतात

जेवणं उरकली आहेत. टिपणिसांचं वर्षश्राद्ध सकाळीच झालं आणि मी आतल्या खोलीत जरा पाठ टेकली आहे. बाहेर हॉलमध्ये माझी नणंद शालिनीताई आणि माझी मुलगी केतकी बसल्या आहेत. दार लोटलेलं आहे, तरी शब्द आत येतातच.

"बायपास झाली असती तर आज दादा असता," शालिनीताई म्हणतात. "पण उज्ज्वला पडली घाबरट. नको म्हणून बसली. आता बोलून काय उपयोग?"

या विषयावर केतकी वर्षभर काहीच बोललेली नाही. माझ्याशी तर नाहीच.

टिपणीस म्हणजे माझे यजमान, दिगंबर टिपणीस. वीज मंडळात होते. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणायचे आणि मनात 'टिपणीस'. मनातलं नाव त्यांना कधी कळलं नाही. मनातलं बाकीचंही नाही.

पंखा फिरतोय. त्याच्या आवाजाला हळूहळू जडपणा येतो, साखळीवरून काहीतरी वर ओढत नेल्यासारखा. शालिनीताईंचं बोलणं लांब जातं. माझे डोळे मिटलेले आहेत हे मला कळतंय, आणि तरी समोर पिवळं रेलिंग दिसतंय.

रेलिंगला धरून मी रांगेत उभी आहे. डोक्यावरून एक गाडी किंचाळत जाते. रूळ वर, खुर्च्या खाली टांगलेल्या, आणि माणसांचे पाय हवेत लोंबकळतात. मी ही रोलर कोस्टर ओळखते. केतकीची दहावी झाली तेव्हा आम्ही तिघं या पार्कमध्ये आलो होतो. मी पदर खोचला होता, चपला काढून कडेला ठेवल्या होत्या. माझा नंबर आला आणि टिपणिसांनी चपला उचलून माझ्यासमोर ठेवल्या.

"घाल," म्हणाले. मग केतकीकडे वळून, "तुझ्या आईला भीती वाटते गं. तिला एकटीला खाली कसं सोडू? तू जाऊन ये."

केतकी अनोळखी माणसाशेजारी बसून गेली. आम्ही दोघं खाली बाकावर बसलो आणि त्यांनी दोन सॉफ्टी आणल्या. मला बसायचं होतं. खूप बसायचं होतं.

आता ते माझ्यापुढेच उभे आहेत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, केस नीट भांग पाडलेले. वळून बघतात, जणू सकाळी नुसते बाजारात गेले होते.

"आलीस होय," म्हणतात.

"आले."

"खरंच बसायचंय तुला? बघ हं. भीती वाटेल."

"मला भीती वाटते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ते खिशातलं पेन सरळ करतात. "मीच सांगत आलो की सगळ्यांना. पाठ झालं."

रांग पुढे सरकते. पायाखाली फरशी आहे, पांढरी, फिनाईलचा वास येणारी. रेलिंग भिंतीला लागलंय आणि भिंतीवर हृदयाचं रंगीत चित्र आहे. आम्ही हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभे आहोत. पुढच्या दाराआड गाडी येऊन थांबल्याचा खडखडाट होतो, आणि रांगेतल्या कुणालाच त्याचं नवल वाटत नाही.

त्या दिवशीही मी याच हॉस्पिटलात होते, पण खाली, औषधांच्या काउंटरवर. वर काय झालं ते मला मागाहून कळलं. डॉक्टरांनी यांना सांगितलं की बायपास करायला हवी, उशीर नको. हे म्हणाले, बायकोला विचारून येतो. पॅसेजमध्ये आले, मशीनचा चहा घेतला, परत आत गेले आणि म्हणाले, "ती फार घाबरलीय. नकोच म्हणते."

मग खाली येऊन मला म्हणाले, "गोळ्यांवर भागेल म्हणतात डॉक्टर. चल, रिक्षा मिळते का बघू."

मी देवाला साखर ठेवली.

पावसाळा सरता सरता ते गेले. त्याच पॅसेजमध्ये डॉक्टरांनी केतकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "आईंनी तेव्हा हो म्हटलं असतं तर…" केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही." पण नगरला बदली नको, कारण उज्ज्वला घाबरते, स्कूटर नको, उज्ज्वला घाबरते, जिना असलेलं घर नको, विमानाचा प्रवास नको, केतकीला हॉस्टेल नको, हे सगळ्या गोतावळ्यानं वर्षानुवर्षं ऐकलेलं. माझं कोण खरं मानणार?

"केतकीला सांगा," मी रांगेत उभ्या उभ्या टिपणिसांना म्हणते. "तेवढं एक करा."

"मेलेल्या माणसाचं कोण ऐकतं?"

"माझं तरी कोण ऐकतं?"

ते हसतात. तेच हसणं, पाहुण्यांसमोरचं. "तू त्या वेळी खोडून काढायचंस. बदलीच्या वेळी. स्कूटरच्या वेळी. तू गप्प बसायचीस, मला वाटायचं तुला चालतंय."

"चारचौघांत तुमची लाज राखत होते मी."

"हो ना," ते म्हणतात. "राखलीस खरी."

मेलेल्या माणसावर हात उगारता येतो का, असा विचार येतो मनात. तेवढ्यात दार उघडतं आणि आत खुर्च्या टांगलेल्या आहेत, चार-चारच्या ओळीत. मी कडेच्या खुर्चीत बसते. जाड गादीचा दांडा डोक्यावरून खांद्यांवर उतरतो आणि पोटाशी खट्कन बसतो. टिपणीस अजून जमिनीवरच उभे आहेत.

"मी खाली थांबतो," म्हणतात. "तू ये जाऊन."

"का?"

"तुला भीती वाटली तर खाली कोणीतरी हवं ना."

"बसा," मी म्हणते. जन्मात या आवाजात त्यांच्याशी बोलले नव्हते. "शेजारी बसा."

ते बसतात.

पायाखालची जमीन निघून जाते. आम्ही वर चढायला लागतो आणि साखळीचा आवाज थेट हाडांत येतो. खाली आमच्या सोसायटीची गच्ची दिसते, तिच्यावर वाळत घातलेल्या माझ्याच साड्या. मग केतकीच्या लग्नाचा हॉल, छप्पर नसलेला; शालिनीताई कुणाला तरी सांगताहेत की उज्ज्वला विमानाला घाबरते म्हणून ही मंडळी काश्मीरला गेली नाहीत. माझे पाय त्यांच्या डोक्यावरून अलगद जातात.

टोकाला गाडी क्षणभर थांबते. मग सुटते.

काय सांगू. पोट मागे राहतं आणि मी पुढे जाते. पाय वर, डोकं खाली, आणि तळव्यांखाली आकाश आहे, नुसतं निळं आकाश. वारा तोंडात शिरतो, अंबाडा सुटतो. मी ओरडते, पण ते ओरडणं भीतीचं नाही. इतकी वर्षं मी याला मुकले, आणि कशापायी? राग आणि आनंद एकाच वेळी इतक्या जोरात येतात की डोळ्यांतून पाणी कपाळाकडे वाहायला लागतं.

डाव्या मनगटात कळ येते. टिपणिसांनी माझा हात धरलाय. डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे, भांग विस्कटलेला. नखं रुतवून धरलंय त्यांनी.

"सोडा. दुखतंय."

"सोडू नकोस गं," ते म्हणतात. "उज्ज्वला, मला फार भीती वाटते."

गाडी पुन्हा उलटी होते. त्यांचा आवाज आता लहान मुलासारखा आहे.

"फार वाटते. पहिल्यापासून. स्कूटरची वाटायची, परक्या गावाची वाटायची. ते छाती उघडणार म्हणाले तेव्हा तुझं नाव सांगून मी बाहेर पळालो."

"मग माझं नाव कशाला सांगितलंत?"

"बाईमाणसाला भीती वाटली तर कोणी हसत नाही."

मला त्यांची कीव यायला हवी. मी वाट बघते. येत नाही.

"मला एकदा म्हणायचं होतंत की घाबरलोय," मी म्हणते. "दारापर्यंत आले असते मी तुमच्याबरोबर. हात धरून नेलं असतं. आज तुम्ही जिवंत असता."

"तेवढं म्हणायचीच भीती वाटायची," टिपणीस म्हणतात.

गाडीचा वेग ओसरतो. जमीन पायाला लागते. खांद्यांवरचा दांडा आपोआप वर जातो. शेजारची खुर्ची रिकामी आहे, नुसती झुलतेय, पण मनगटावरची पकड तशीच आहे. मी हात हिसकते. पुन्हा हिसकते.

"आई. आई, अगं ऊठ."

पंखा. खिडकीतलं ऊन. केतकी चहाचा कप घेऊन पलंगाशी उभी आहे.

"केवढ्यानं ओरडलीस," ती म्हणते. मग तिची नजर खाली जाते. "हे काय झालं हाताला?"

मी हात वर धरते. डाव्या मनगटावर चार तांबडे वळ आहेत आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक, जाड. नखं रुतली तिथे कातडी फाटलीय. मी उजव्या हातानं तसंच धरून बघते. माझी बोटं त्या वळांवर बसत नाहीत. वळ मोठ्या पंजाचे आहेत.

"झोपेत हात अंगाखाली आला असेल," केतकी म्हणते.

"तुझ्या बाबांना भीती वाटली," मी म्हणते.

बाहेरून शालिनीताईंचा आवाज येतो, "काय झालं गं? उज्ज्वला घाबरली का झोपेत?"

केतकी दाराकडे बघते. "हो आत्या. दचकली जरा."

म्हणजे झालं. मी भिंतीकडे तोंड करते. ती जाईल असं मला वाटतं. पण कप टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, मग दार लावल्याचा, आणि पलंगाची कड दबते. मग तिचं बोट माझ्या मनगटावर येतं, अंगठ्याच्या त्या जाड वळावर, आणि तिथेच थांबतं.

"आई," ती विचारते, "डॉक्टरांनी तुला खरंच विचारलं नव्हतं?"

वर्षभरात पहिल्यांदा तिनं हे विचारलंय. आता उशीर झालाय असं म्हणावंसं वाटतं, तोंडावर काहीतरी कडू फेकावंसं वाटतं. तिनं बोट जरा दाबलं आहे. वळ दुखतो.

"नाही," मी म्हणते. "आणि तुझ्या बाबांनीही नाही."

केतकी बोट उचलत नाही. नखाच्या जखमेतून रक्ताचा एक थेंब वर येतो आणि तिच्या बोटाला लागतो.