उघडं दार

राघू उडून जाऊ नये म्हणून त्याचा पंख मीच कापला होता. कात्री खोल गेली.

काल कापलेल्या बोटावर हळद दाबली आणि त्या वासानं कित्येक वर्षांपूर्वीचा नगरचा जनावरांचा दवाखाना आठवला. तिसगावहून एसटीनं आणलेला राघू धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या ओढणीत हळदीनं माखून गप्प पडला होता.

"कशानं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मांजरानं धरलं," मी म्हणालो.

"पिंजऱ्याचं दार माज्याकडूनच उघडं राहिलं आसंल," सुमी रडायला लागली. मी तिला रडू दिलं. राघू तिथंच गेला.

सुमी अजून प्रत्येक दार दोनदा ओढून बघते. मी त्यावरून तिला चिडवायचो.

आज फोन केला. "सुमे, राघूला मांजरानं धरलंच नव्हतं. पिंजऱ्याचं ते दार मी उघडलं होतं. पंखही मीच कापला. मला माफ कर."