बदल टाकून द्यायचे का?

आमच्या ऑफिसात कुणाचा वाढदिवस कधी असतो, हे कुणालाच आठवत नाही. पण कुणाचं ड्रॉइंग कधी उडालं, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. नवीन माणूस आला की चहाच्या वेळी एकजण सुरू करतो, दुसरा त्याला आपलं जोडतो, आणि चळत वाढत जाते. आता हसत सांगतो आम्ही. पण ज्या दिवशी घडलं, त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

ऑफिस भोसरीत, एका वर्कशॉपच्या माडीवर. गाड्यांचे पत्रे वेल्डिंग करताना हलू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणाऱ्या चौकटी लागतात. फिक्स्चर म्हणतात त्यांना. खाली त्या बनतात आणि चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना जातात. वर आम्ही कॉम्प्युटरवर त्यांची ड्रॉइंग्ज करतो. आम्ही म्हणजे मी, सुनंदा कांबळे आणि सलीमभाई. मालक गव्हाणेसाहेब, मूळचे मोशीचे.

*

पहिला मान सुनंदाचा. तिचे वडील पिंपरीत एका फाउंड्रीत होते. घरात इंजिनियर झालेली ती पहिलीच. कामात वाघीण.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एस्केपचं बटण एकदा दाबलं की हातातली रेष सुटते. दोनदा दाबलं की अख्खं स्केच टाकून देतं. विचारत नाही, काही नाही. आणि हाताला सवय अशी की रेष सुटली नाही असं वाटलं तर माणूस पुन्हा दाबतोच.

सुनंदा सकाळपासून एकाच स्केचवर बसली होती. चाकणहून दोनदा फोन येऊन गेला होता. शेवटची रेष मारली, एस्केप दाबलं, सवयीनं परत दाबलं. स्क्रीन कोरी.

ती उठली. खाली गेली, वर्कशॉपमधून स्क्रूड्रायव्हर घेऊन आली आणि कीबोर्डातून ते बटणच उचकटून काढलं.

"आता दाब," ती आपल्याच बोटाला म्हणाली. आणि पहिल्या रेषेपासून पुन्हा सुरुवात केली.

*

गव्हाणेसाहेबांना सॉफ्टवेअर येत नाही. पण एकदा गिऱ्हाईक बसलेलं असताना ते माझ्या खुर्चीवर बसून ड्रॉइंग दाखवत होते. मध्येच एक खोकं उघडलं: 'न वापरलेले भाग काढून टाकायचे का?'

"वापरलेलं न्हाई तर ठेवायचं कशाला?" म्हणत साहेबांनी 'होय' दाबलं.

त्या ड्रॉइंगमध्ये न वापरलेले, पण पुढच्या प्रत्येक कामाला लागणारे पत्रा दाबून धरणारे आमचे सगळे क्लॅम्प त्या फाइलमध्ये काढून ठेवलेले होते. कित्येक महिन्यांत जमवलेले. त्या खोक्यानं ते फाइलमधून पुसले आणि फाइल आपणहून सेव्हही केली. बॅकअप काढला, तर त्यात निम्मेच सापडले.

साहेबांना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः खाली वर्कशॉपात उभे राहिले. एकेक क्लॅम्प हातात घेऊन मापं मोठ्यानं सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो. सगळं संपेपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला ते काम करू दिलं नाही.

चहाला बसल्यावर मी म्हटलं, "साहेब, जाऊ द्या. नीट न वाचता दाबलं जातं एखाद्या वेळी."

"व्हय," ते म्हणाले. "आमच्या आबांनी जमिनीच्या कागदावर अंगठा असाच उठवला व्हता."

 कप घेऊन आम्ही वर आलो.

*

एका गुरुवारी सुनंदानं फाइल बंद करायला घेतली आणि लगेच थांबवली. तर समोर प्रश्न आला: 'रद्द करायचं?' खाली दोन बटणं. एक 'ओके', दुसरं 'कॅन्सल'.

तिनं दोन्ही हात वर उचलले. "कुणी हलू नका. इकडे या."

आम्ही तिच्यामागे उभे राहिलो. ओके म्हणजे फाइल रद्द, की बंद करणं रद्द? कॅन्सल म्हणजे काहीच करू नको, की सगळंच जाऊ दे? सलीमभाईंचं मत ओके, माझं कॅन्सल. शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलाला सुनंदानं खोक्यातली अक्षरं वाचून दाखवली. त्यानं ती परत एकदा वाचायला लावली.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही काय दाबणार होतात?"

सुनंदा उत्तर देणार, एवढ्यात लाइट गेली.

*

आता सलीमभाईंचं सांगते.

सलीम शेख. देहूरोडला राहतात, आमच्यात सगळ्यात जुने. त्यांचं ड्रॉइंग खाली गेलं की कारागीर डोळे झाकून कापायला घेतात. एवढंच की त्यांच्या सगळ्या रेषा नेहमी पिवळ्या आणि निळ्या. आम्हाला वाटायचं, आवड असते एकेकाची.

मग सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली. जुन्यात काम ठेवायला बरोबरची खूण होती आणि टाकायला फुली. नव्यात ते सगळं काढून दोन नुसते गोल ठिपके दिले. एका खिडकीत ठेवायचा ठिपका डावीकडे, दुसऱ्या खिडकीत उजवीकडे. दिसायला देखणं होतं.

सलीमभाईंची कामं उडायला लागली. आधी एखादं, मग दर दोन दिवसांनी. चाकणहून तक्रार आली, गव्हाणेसाहेबांनीही एकदा हटकलं. सलीमभाई डबा खाईनासे झाले. काही विचारलं तर "हो" एवढंच म्हणायचे.

एका दुपारी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. "अश्विनी, मी नोकरी सोडतोय. साहेबांना अजून सांगितलं नाही."

"का?"

"अब्बांचं असंच सुरू झालं होतं. आधी चाव्या विसरायचे. मग रस्ता. शेवटी मलाच विचारायचे, आपण कोण?" ते कठड्याला धरून उभे होते. "मी तर ठरवून काम ठेवायचाच ठिपका दाबतो गं. आणि काम जातं. म्हणजे डोक्यात काहीतरी व्हायला लागलंय."

मी हे सुनंदाला सांगितलं. ती उठली आणि खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"सलीमभाई, माझ्यासमोर एकदा सेव्ह करा."

त्यांचा माउस दोन ठिपक्यांमध्ये घुटमळला.

"अहो, हिरवा दाबा ना."

"कुठला हिरवा?" ते म्हणाले. "दोन्ही एकसारखेच तर आहेत."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "चला. पर्स घे गं अश्विनी."

आम्ही दोघी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पानं त्यांच्यापुढे धरली. आम्हाला लांबूनही आकडे दिसत होते. सलीमभाई प्रत्येक पानाला नाही म्हणून मान हलवत होते.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "तुम्हाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. जन्मापासूनच आहे हे. सवयीनं चालवून नेलंत, म्हणून कधी लक्षात आलं नसेल."

सलीमभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

डॉक्टर गडबडले. "अहो, घाबरू नका. यावर औषध नाही हे खरं, पण हे वाढतही नाही."

सलीमभाईंनी हात बाजूला घेतले. चेहरा सगळा ओला झाला होता.

"डॉक्टरसाहेब, परत एकदा सांगा," ते म्हणाले. "जन्मापासून आहे ना?"