बरणीतला तुरटीचा खडा

गेल्या हिवाळ्यात माझ्या सहावीतल्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुरटीचा स्फटिक वाढवायला घेतला. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी तिने विरघळवली, पाणी गार होऊ दिलं आणि तळाशी बसलेल्या दाण्यांतला एक नीटस दाणा दोऱ्याला बांधला; तेच पाणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतून त्यात तो सोडला. बरणी कपाटावर ठेवली. "बाबा, हिला कोणी हात लावायचा नाही," असं मला बजावलं.

खडा वाढत होता, पण सावकाश. आमचं घर मांडवीच्या बाजूला. समुद्राच्या हवेत टॉवेलसुद्धा धड सुकत नाही, बरणीतलं पाणी कुठून आटणार? तरी शाळेतून आली की दप्तर पाठीवर ठेवूनच ती खुर्चीवर चढून बघायची. खडा हरभऱ्याएवढा झाला, मग शेंगदाण्याएवढा. त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या.

प्रदर्शन जवळ आलं तसं मलाच राहवेना. बाकीच्या मुलांचे आईवडील काय काय करून आणतात ते मी आधी पाहिलं होतं. एका दुपारी ती शाळेत असताना मी थोडी तुरटी गरम पाण्यात ढवळली आणि ते पाणी बरणीत ओतलं. खुराक मिळाला की खडा भराभर वाढेल, असं मला वाटलं. थोड्या वेळाने पाहिलं तर बरणीत नुसता दोरा लोंबत होता.

संध्याकाळी ती खुर्चीवर उभी राहून बरणीकडे बघत राहिली. मग खाली उतरली.

"माझंच चुकलं, बाबा. मी तुरटी कमी घातली असणार, म्हणून पाण्याने खडाच खाल्ला."

"होतं असं गो," मी म्हटलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाच सांगता आलं असतं. मी चहा ठेवायला उठलो.

प्रदर्शनात तिने ती रिकामी बरणीच मांडली. शेजारी तक्ता लावला: माझा प्रयोग का फसला. बाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. स्वतःची चूक शोधणं सोपं नसतं, म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतताना मी स्कूटर रस्त्याकडेला थांबवली आणि तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"पाणी किती गरम होतं?"

"चटका बसेल इतकं."

"म्हणजे गरम पाण्याने खडा विरघळला. माझी तुरटी बरोबर होती." तिने हातातली बरणी वर धरून पाहिली. "तक्त्यावर मी खोटं कारण लिहिलं, बाबा. बाईंना सांगायला लागेल."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगितलं. माझं नाव घेतलंस का, हे विचारायची मला लाज वाटत होती, तरी विचारलं. "घरातल्या एका माणसाने पाणी ओतलं, एवढंच बोलले," ती म्हणाली.

आता तिने नवा खडा लावलाय, पण आमच्या घरी नाही. शेजारच्या चाचींच्या माजघरात बरणी ठेवली आहे. चाचा बोटीवर असतात, चाची एकट्याच; त्यांच्याकडे बरणीला धक्का लागत नाही, हे तिने मला सांगितलेलं कारण. परवा मी चाचींकडे गेलो, तर त्या हसून म्हणाल्या, "या ना, बघा. पण लांबून हां. तशी ताकीद आहे मला."

मी दारातूनच पाहिला. चांगला वाढतोय.